‘नाही’ म्हणण्यापुरता इतिहास

कपाशीचा हंगाम सुरू झाला की जळगावातल्या आमच्या छोट्या कार्यालयात एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत ऐकू येऊ लागतो. धुळे, शिरपूर, अमळनेर, शहादा या भागातल्या काही जिनिंगमध्ये आम्ही तयार केलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर चालते. गाडी काट्यावर आल्यापासून शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडेपर्यंतचे वजन, भाव, ओलाव्यापोटीची वजावट असे सारे त्यात असते. प्रत्येक जिनिंगमधली आवृत्ती वेगळी, कारण भर हंगामात चालते काम थांबवून नवी आवृत्ती बसवून घ्यायला कोणी तयार होत नाही, आणि होऊ नये हेच शहाणपणाचे आहे. मग एखाद्या ठिकाणी वजावटीच्या हिशेबात चूक सापडते, आम्ही ती दुरुस्त करतो, दुरुस्तीची बातमी मुनीम मंडळींमध्ये आमच्या आधीच पोचते आणि फोन येतो : ‘भाऊ, ती दुरुस्ती मन्हा कम्प्युटरमा उनी का नही?’

प्रश्न अहिराणीत आला तरी गिटच्या जगात त्याला एक नेमके रूप आहे. गिट ही प्रोग्रामच्या मजकुरातला प्रत्येक बदल टप्प्याटप्प्याने जपून ठेवणारी प्रणाली असून तिच्यातल्या एका टप्प्याच्या नोंदीला कमिट म्हणतात. दुरुस्तीचा एक कमिट असतो. त्या जिनिंगमध्ये बसवलेली आवृत्ती ज्यापासून तयार झाली तो दुसरा कमिट असतो. आणि मुनिमाला हवे असते ते एवढेच की पहिला दुसऱ्याचा पूर्वज आहे की नाही. या हो-नाहीच्या प्रश्नाचे उत्तर देणारे एक छोटे साधन आम्ही लिहिले आहे. त्याच्या चाचण्या लिहिताना मला जे उलगडत गेले ते असे की ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन उत्तरे एका तोलामोलाची नाहीत. ‘हो’ म्हणायला एक वाट सापडली की पुरते. ‘नाही’ म्हणायला सगळा इतिहास हाताशी असावा लागतो.

त्याआधी लोक या प्रश्नाचे उत्तर एरवी कसे देतात ते सांगायला हवे. बहुतेक जण तारीख पाहतात. दुरुस्ती दिवाळीतली, आवृत्ती डिसेंबरातली, म्हणजे दुरुस्ती त्यात असणारच, असा हा हिशेब. परंतु दिवाळीत लिहिलेली दुरुस्ती वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कामाच्या समांतर चाललेल्या फांदीवर, पडून राहिली आणि मुख्य ब्रांचमध्ये जानेवारीत मिसळली, तर डिसेंबरातल्या आवृत्तीत ती असण्याचे काहीच कारण नाही. शिवाय गिटच्या कमिटमध्ये तारखा दोन असतात, बदल लिहिणाऱ्याची एक आणि कमिट प्रत्यक्ष नोंदवणाऱ्याची दुसरी, आणि दोन्ही त्या त्या संगणकाच्या घड्याळावर विसंबून असतात. त्या घड्याळाची खातरजमा गिट करत नाही. दुसरे काही जण क्रमांक पाहतात. ही सवय सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या तशाच प्रणालीच्या काळातली आहे. तिथे संपूर्ण रिपॉझिटरीला, म्हणजे सगळा इतिहास साठवलेल्या कोठाराला, मिळून चढत्या क्रमांकांची एकच माळ असते, त्यामुळे ५०० हा ४९० च्या नंतरचा एवढे निश्चित कळते, पण ५०० मध्ये ४९० सामावलेला आहे की तो दुसऱ्याच ब्रांचवर घडला होता, हे क्रमांक सांगत नाही. कोणत्या ब्रांचमधले कोणते बदल कुठे मिसळले याची नोंद सबव्हर्जन स्वतःहून ठेवू लागले ते २००८ साली, १.५ या आवृत्तीपासून.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये, लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या अशाच प्रणालीचा मोफत परवाना गेल्यावर, गिट लिहायला घेतले तेव्हा नात्याची ही नोंद कमिटच्या आतच ठेवली. कमिटमध्ये त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींच्या झाडाची खूण, पालक म्हणजे लगेच आधीच्या कमिटांचे हॅश (मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणा), दोन तारखा, नावे आणि संदेश एवढेच असते, आणि या सगळ्यावरून त्याचा स्वतःचा ४० अक्षरी हॅश निघतो. पालकाचा हॅश मुलाच्या पोटात असल्यामुळे मागचा एक कमिट जरी बदलला तरी त्याच्या पुढच्या प्रत्येक वंशजाचा हॅश बदलतो. म्हणजे पूर्वजांची यादी चोरून बदलता येत नाही. या रचनेची दुसरी बाजू मात्र चाचणी लिहिणाऱ्याला रोज भेटते. मुलाला पालक ठाऊक असतो, पालकाला मुले ठाऊक नसतात. त्यामुळे दुरुस्तीच्या कमिटवर उभे राहून ‘तुझे वंशज कोण?’ असे विचारून उपयोग नाही; आवृत्तीच्या कमिटवरून निघून मागे मागे जात राहायचे आणि दुरुस्ती भेटते का ते पाहायचे, एवढा एकच मार्ग उरतो.

हे मागे जाणे वाटते तितके सरळ नसते, कारण मर्जच्या, म्हणजे ब्रांच एकमेकींत मिसळणाऱ्या, कमिटला दोन किंवा अधिक पालक असतात आणि वाटा फुटत जातात. गिटच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये यासाठी रचलेली एक जाळी आहे आणि ती मला फार आवडते. १० गुणिले १० अशी चौकटींची जाळी कल्पावी. प्रत्येक चौकट एक कमिट. कोणत्याही चौकटीचे पालक दोन : तिच्या डावीकडची आणि तिच्या खालची, कडेला असेल तर एकच, आणि (१,१) या कोपऱ्याला पालकच नाही. कमिट अवघे १००, पण (१०,१०) पासून (१,१) पर्यंत मागे येण्याच्या वाटा ४८,६२० भरतात. भेट दिलेल्या कमिटवर खूण न करता जो प्रोग्राम प्रत्येक वाट वेगळी चालेल, तो शंभर कमिटांच्या या खेळण्यातच दमून जाईल.

या जाळीची मौज अशी की इथे उत्तर आधीच डोळ्यांना दिसते. (क,ख) हा (ग,घ) चा पूर्वज केव्हा, तर क हा ग पेक्षा मोठा नसेल आणि ख हा घ पेक्षा मोठा नसेल तेव्हाच. (३,७) हा (१०,१०) चा पूर्वज आहे. (३,७) आणि (७,३) मात्र एकमेकांचे कोणीच नाहीत. त्यांचा सर्वांत जवळचा समान पूर्वज (३,३). चाचणीतल्या उत्तराला पारखायला दुसरे साधन असावे लागते, आणि इथे ते साध्या अंकांच्या तुलनेत मिळते. खऱ्या रिपॉझिटरीवर चाचणी लिहिणाऱ्याची पंचाईत हीच होते : ज्या कमांडची परीक्षा घ्यायची तिलाच बरोबर उत्तर विचारावे लागते.

याच जाळीवर ‘नाही’ची किंमत नेमकी मोजता येते. (१,१०) हा (९,९) चा पूर्वज आहे का? नाही, पण हे केवळ वाटा चालून ठरवायचे तर (९,९) च्या पोटातले सगळे ८१ कमिट पालथे घालावे लागतात, कारण प्रत्येक न पाहिलेल्या कमिटमागे तो दडलेला असू शकतो. ‘हो’ म्हणायचे असते तर सापडल्या क्षणी थांबता आले असते. ही किंमत कमी करण्यासाठी २०१८ सालच्या २.१८ या आवृत्तीत गिटने कमिट-ग्राफ नावाची पूरक फाइल आणली आणि त्याच वर्षीच्या २.१९ पासून तिच्यात प्रत्येक कमिटचा पिढी क्रमांक ठेवला. ज्याला पालक नाही त्याची पिढी १. बाकी प्रत्येकाची, त्याच्या पालकांतल्या सर्वांत मोठ्या पिढीहून एकाने अधिक. पूर्वजाची पिढी वंशजाच्या पिढीहून नेहमीच लहान असते, तेव्हा समान किंवा मोठ्या पिढीचा दुसरा कमिट पूर्वज असूच शकत नाही. जाळीत (३,७) आणि (७,३) या दोघांचीही पिढी ९; एकही पाऊल न टाकता ‘नाही’ म्हणता येते. (१,१०) ची पिढी १० आणि (९,९) ची १७, तेव्हा चालावे लागतेच, पण दहाव्या पिढीच्या खाली उतरण्याची गरज राहत नाही.

हे क्रमांक नसताना काही कमांड तारखेच्या आधाराने लवकर थांबत असत. ‘नेम-रेव्ह’ या कमांडमध्ये घड्याळांच्या चुकीसाठी एका दिवसाची, म्हणजे ८६,४०० सेकंदांची सूट धरलेली होती. माझ्या मते ही सूट एका प्रामाणिक अंदाजाची कबुली होती, पण अंदाज तो अंदाजच. एखाद्याचे घड्याळ आठवडाभर मागे असेल तर ‘नाही’ हे उत्तर चुकीच्या जागी थांबून दिलेले असू शकते. पुढे २०२१ मध्ये २.३१ या आवृत्तीत तारीख आणि पिढी यांचा मेळ घालणारा क्रमांक आला. त्यात कमिटची तारीख पालकाच्या तारखेच्या मागे पडत असेल तर ती हिशेबापुरती पुढे सरकवून घेतात.

आता शेलकी अडचण. आपल्याकडे जी प्रत आहे तिच्यात सगळा इतिहासच नसेल तर?

स्वयंचलित बांधणीच्या सेवा वेळ आणि जागा वाचवण्यासाठी रिपॉझिटरीची उथळ प्रत घेतात, म्हणजे शेवटचा एक किंवा काही मोजके कमिट. अशा प्रतीत सर्वांत मागच्या कमिटला पालक नाहीतच असे गिट मानून चालते. पूर्वज तपासणाऱ्या कमांडला, म्हणजे ‘मर्ज-बेस’ला ‘इज-ॲन्सेस्टर’ हा पर्याय देऊन विचारले, तर कमांड संपताना मिळणारा अंक, म्हणजे एक्झिट कोड, ० असेल तर पूर्वज आहे, १ म्हणजे नाही, आणि याशिवायचा कोणताही कोड म्हणजे काही तरी बिघडले. विचारलेला कमिट उथळ प्रतीत मुळीच नसेल तर १२८ येतो, आणि ते ठीकच आहे, कारण निदान गोंगाट तरी होतो. पण दुरुस्तीचा कमिट टॅगच्या, म्हणजे त्याला दिलेल्या कायमच्या नावाच्या, निमित्ताने वेगळा उतरवून घेतला असेल आणि आवृत्तीचा कमिटही हाताशी असेल, तर दोघेही प्रतीत आहेत, मधला धागा तेवढा कापलेला आहे. अशा वेळी उत्तर येते १, शांतपणे, खऱ्या ‘नाही’च्याच चेहऱ्याने. उथळ प्रतीत ‘हो’ आले तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण जी वाट सापडली ती सापडलीच. ‘नाही’ला मात्र तिथे काडीची किंमत नाही.

शेल स्क्रिप्टमध्ये याच्या जोडीला आणखी एक सापळा असतो. ‘इफ’ आणि त्यापुढे उद्गारचिन्ह लावून ही कमांड लिहिली की १ आणि १२८ एकाच खात्यात जमा होतात. हॅशमधले एक अक्षर चुकले तरी स्क्रिप्ट ‘दुरुस्ती नाही’ असे छातीठोकपणे छापते. म्हणून आमच्या साधनात कोड आधी वेगळ्या चलात घेतला जातो आणि उत्तरे तीन ठेवली आहेत : आहे, नाही, सांगता येत नाही. प्रत उथळ आहे का हे गिट विचारल्यावर सांगते, आणि ती उथळ असेल तर आमचे साधन १ या कोडचे रूपांतर सरळ तिसऱ्या उत्तरात करते. तालुक्याच्या गावी नेट रांगत असताना संपूर्ण रिपॉझिटरी उतरवणे जिवावर येते हे खरे, पण त्याला उथळ प्रत हा उपाय नव्हे. फाइलींचा मजकूर वगळून केवळ कमिट आणि झाडे आणणारी प्रत गिटमध्ये घेता येते. वंशाचा प्रश्न कमिटांवरच सुटत असल्याने तिच्यावरचे ‘नाही’ पूर्ण प्रतीइतकेच भरवशाचे असते.

खुद्द लिनक्सची गिट रिपॉझिटरीही एका अर्थाने मध्येच सुरू होते. लिनक्स १९९१ चे, पण रिपॉझिटरीतला पहिला कमिट १६ एप्रिल २००५ चा, २.६.१२-आरसी२ या टप्प्याचा. आधीचा इतिहास आकार फार मोठा होईल म्हणून त्या वेळी आत घेतला नाही. २००३ सालच्या एखाद्या बदलाबद्दल त्या रिपॉझिटरीला विचारणे म्हणजे आपल्या जन्माआधीच्या लग्नाची पंगत आठवून सांग म्हणण्यासारखे आहे, असे लिहिण्याचा मोह होतो खरा. पण उपमा राखून ठेवायची तर ती वंशावळीच्या वहीसाठी राखावी.

खानदेशातले कुटुंब विधीसाठी त्र्यंबकेश्वराला गेले की तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात, आणि आजोबा-पणजोबा कोणत्या वेळी येऊन गेले ते वाचून दाखवतात. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो इतकी ती नोंद जिवंत असते. पण त्या वहीतली रेघ बापाकडून मुलाकडे चालते. आजीच्या माहेरचा वंश तिच्या माहेरच्या नोंदीत सापडणार. आपल्या वहीत तो नाही म्हणून आजी परकी ठरत नाही. गिटमध्ये ‘फर्स्ट-पेरेंट’ असा पर्याय आहे तो नेमका हेच करतो : प्रत्येक मर्जच्या ठिकाणी पहिल्या पालकाचीच वाट धरतो. मुख्य ब्रांचवर काय काय कोणत्या क्रमाने आले हे वाचायला ती यादी फार उपयोगाची असते, आणि ज्यांना आडवा-उभा विणलेला इतिहास पाहून गरगरते त्यांनी ती जरूर वापरावी. पण त्या यादीत दुरुस्तीचा कमिट दिसला नाही म्हणून तो पूर्वज नाही असे ठरवणे म्हणजे आजीला वंशातून काढून टाकणे होय. तो दुसऱ्या पालकाच्या बाजूने आलेला असतो. शिवाय पहिला पालक कोण, हे मर्ज करणारा त्या क्षणी कोणत्या ब्रांचवर उभा होता यावर ठरते. एखाद्याने आपल्या ब्रांचवर मुख्य ब्रांच ओढून घेतली आणि तेच पुढे मुख्य म्हणून ढकलले, तर मुख्य ब्रांचची आजवरची रेघ दुसऱ्या पालकाकडे जाते आणि यादी भलत्याच घराण्याची निघते.

येथवर ‘नाही’ चुकीचे येण्याची कारणे पाहिली. याहून अवघड प्रकार असा की ‘नाही’ हे उत्तर अगदी बरोबर असते आणि तरीही मुनिमाला ते सांगणे चूक ठरते. जुन्या आवृत्तीच्या ब्रांचवर दुरुस्ती चेरी-पिकने आणली की तोच बदल नव्या पालकावर, नव्या कमिटच्या रूपात बसतो. मजकूर तोच, हॅश वेगळा, वंश वेगळा. स्क्वॉश करून मर्ज केले तर ब्रांचवरच्या सगळ्या कमिटांचा मिळून एक नवा कमिट होतो आणि मूळचे कमिट कोणाचेच पूर्वज राहत नाहीत. त्यानंतर ती ब्रांच पुसू पाहिली तर ‘पूर्ण मर्ज झालेली नाही’ असे सांगून गिट अडवू शकते ते यामुळेच. वंशाचा प्रश्न आणि मजकुराचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुनीम विचारतो तो दुसरा; गिट पटकन सोडवते तो पहिला.

मजकुराच्या प्रश्नासाठी गिटकडे पॅच-आयडी आहे. ओळींचे क्रमांक आणि मोकळ्या जागा सोडून उरलेल्या फरकावरून तो काढतात. दोन कमिटांचा पॅच-आयडी सारखा निघाला तर बदल तोच समजायचा. ‘चेरी’ नावाची कमांड याच आधारे, पलीकडे आधीच पोचलेल्या कमिटपुढे वजाचे आणि न पोचलेल्यापुढे अधिकचे चिन्ह लावते. पण जुन्या ब्रांचवर बसवताना आजूबाजूच्या ओळी वेगळ्या निघाल्या आणि हाताने जुळवून घ्यावे लागले की पॅच-आयडी बदलतो आणि ही खूण निरुपयोगी होते. लिनक्सच्या जुन्या, दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या अशाच उचलून आणलेल्या असतात, आणि तिथे मूळ कमिटचा हॅश संदेशाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवण्याचा शिरस्ता आहे. म्हणजे तिथेही हा प्रश्न शेवटी माणसाने लिहिलेली ओळ वाचूनच सुटतो, कमिटांच्या आलेखावर चालून नव्हे.

आमच्या साधनाच्या चाचण्यांमध्ये हे सारे प्रकार लहान लहान बनावट इतिहासांच्या रूपाने ठेवले आहेत. बनावट इतिहास रचताना घड्याळ आपल्या हातात घ्यावे लागते, नाही तर दर वेळी हॅश बदलतात आणि कालचे अपयश आज पुन्हा उभे करता येत नाही. गिटच्या चाचण्यांमध्ये यासाठी एक छोटे फंक्शन आहे. ते कमिटची वेळ ठरलेल्या क्षणापासून सुरू करून दर खेपेला ६० सेकंदांनी पुढे नेते. तो ठरलेला क्षण १११२९११९९३ हा आहे, म्हणजे ७ एप्रिल २००५ चा, गिटच्या स्वतःच्या पहिल्या कमिटचा सेकंद. चाचणीत जन्मणारी रिपॉझिटरी गिटच्याच जन्मवेळेवर जन्मावी, ही गंमत ज्याला सुचली त्याला माझा दंडवत.

आमच्या चाचण्यांपैकी ज्यांचा मला सर्वांत अधिक उपयोग झाला त्या आकाराने अगदी किरकोळ आहेत. कमिट स्वतःचाच पूर्वज मानला जातो का, ही त्यातली पहिली. गिट ‘हो’ म्हणते, आणि ज्या जिनिंगमध्ये नेमकी दुरुस्तीचीच आवृत्ती बसली आहे तिथे हे ‘हो’च हवे असते. मुलाची तारीख पालकाच्या आधीची असलेला इतिहास ही दुसरी. तारखेकडे चोरून पाहणारा कोणताही शॉर्टकट तिथे पकडला जातो. ज्यांचा एकही समान पूर्वज नाही असे दोन स्वतंत्र मूळ असलेले इतिहास ही आणखी एक, कारण समान पूर्वज सापडेलच असे गृहीत धरणारा कोड तिथे अडखळतो. आणि एकच इतिहास पूर्ण, उथळ आणि मजकूर वगळलेल्या प्रतीत विचारून तिन्ही उत्तरे ताडून पाहणे. इथे पूर्ण आणि मजकूर वगळलेली प्रत जुळलीच पाहिजे, आणि उथळ प्रतीने एक तर ‘आहे’ म्हणावे किंवा ‘सांगता येत नाही’ म्हणावे, ‘नाही’ कधीच म्हणू नये.

चाचण्यांनी उत्तर तपासले जाते, पण प्रश्न सोपा करण्याचे काम ब्रांचच्या शिस्तीनेच होते. गिटच्या कार्यपद्धतीविषयीच्या दस्तऐवजात एक जुना सल्ला आहे : दुरुस्ती जिला तिची गरज आहे अशा सर्वांत जुन्या चालू ब्रांचवर करावी, आणि तिथून नव्या ब्रांचमध्ये वरवर मर्ज करत न्यावी. असे केले की दुरुस्तीचा कमिट पुढच्या प्रत्येक आवृत्तीचा खराखुरा पूर्वज होतो, आणि वंशाचे उत्तर हेच मजकुराचे उत्तर ठरते. आम्ही ही पद्धत आता पाळतो. जुन्या ब्रांचवर काम करणे कंटाळवाणे असते, तिथली रचना मोडकी असते आणि नव्या मुलांना ते पटवावे लागते. तरीही मला हा सौदा फायद्याचा वाटतो.

या पद्धतीच्या आधी चेरी-पिक होऊन गेलेल्या आवृत्त्या काही जिनिंगमध्ये अजून चालतात. त्यांच्यासाठी मूळ कमिट आणि त्याची उचललेली प्रत यांच्या जोड्यांची एक साधी फाइल रिपॉझिटरीतच ठेवली आहे. आलेखाने ‘नाही’ म्हटल्यावरच साधन ती उघडते, आणि तिच्या आधारे आलेले ‘आहे’ हे छापताना त्याच्यापुढे ‘नोंदीवरून’ असे शब्द लावते. ते शब्द छापले गेले की नाही, हे तपासणारी एक चाचणीही आहे.